घरच्या सर्व्हरची बॅकअप डिस्क: दुसरी प्रत खरोखर दुसरी कशी राहील

आमच्या घरच्या सर्व्हरवर, म्हणजे घरच्यांच्या फाइली ठेवणाऱ्या कायम चालू संगणकावर, 42 मिनिटांची एक ऑडिओ फाइल आहे. आजी जात्यावर बसून ओव्या म्हणतेय, मध्येच थांबून दाणे घालतेय, मागे कुठेतरी कोंबडा आरवतोय. फोनवर केलेलं साधं रेकॉर्डिंग. आजी आता नाही, आणि त्या ओव्या घरात कुणालाच पूर्ण येत नाहीत.

ही फाइल मी एकदा घालवली होती. सर्व्हरमध्ये दोन डिस्क होत्या, एकीवर लिहिलेलं त्याच क्षणी दुसरीवरही उमटायचं, त्यामुळे बॅकअप आहेच असं मी धरून चाललो होतो. एका रविवारी जुन्या फोनांची फोल्डरं आवरताना नको ते फोल्डर उडवलं. ते दोन्ही डिस्कवरून एकदमच गेलं, आणि माझ्या लक्षात आलं तीन आठवड्यांनी. ओव्या परत मिळाल्या, कारण मावसभावाने कधीतरी त्या पेनड्राइव्हवर घेतल्या होत्या. त्याच फोल्डरमधले त्या वर्षीचे फोटो मात्र गेले ते गेलेच.

मावसभावाचा तो पेनड्राइव्ह काही भारी नव्हता. तो माझ्या सर्व्हरला जोडलेला नव्हता, म्हणून माझी चूक त्याच्यापर्यंत पोचली नाही, एवढंच. बॅकअपची डिस्क लावताना प्रत्येक पायरीवर मी आता स्वतःला एकच प्रश्न विचारतो: ही प्रत मूळ प्रतीपासून किती सुटी आहे?

आरशातली प्रत आणि खरी प्रत

एकीवर लिहिलेलं दुसरीवर उमटण्याची ही रचना 'रेड'चा एक प्रकार आहे. 1988 मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातले डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांनी रेड एका शोधनिबंधात मांडलं. एका मोठ्या महागड्या डिस्कऐवजी अनेक लहान, स्वस्त डिस्क एकत्र वापराव्यात असा विचार होता. डिस्क जास्त म्हणजे त्यातली एखादी बिघडण्याची शक्यताही जास्त, म्हणून थोडी जादा माहिती साठवायची, म्हणजे एक डिस्क बसली तरी काम थांबणार नाही.

म्हणजे रेडमुळे काम चालू राहतं. जिथे सर्व्हर पाच मिनिटंही बंद पडून चालत नाही तिथे त्याला पर्याय नाही. पण फाइल पुसण्याचा हुकूम रेड दोन्हीकडे तितक्याच इमानाने पाळतं. खंडणीखोर व्हायरसने फाइली कुलूपबंद केल्या तर दोन्हीकडे कुलूप लागतं. पीसीचा पॉवर सप्लाय जळताना एकाच डब्यातल्या दोन्ही डिस्कना घेऊन जाऊ शकतो. घरात दोनच डिस्कचे पैसे असतील तर माझं मत स्पष्ट आहे: एक सर्व्हरमध्ये चालवा, दुसरी बॅकअपला वेगळी ठेवा. डिस्क गेली तर सर्व्हर दोन दिवस बंद राहील. घरात तेवढं चालतं.

डिस्क घेताना

आधी आकार. बॅकअपला किती जागा लागेल हे सर्व्हरच्या डिस्कवरून ठरत नाही, पुन्हा मिळणार नाही अशा गोष्टी किती आहेत त्यावरून ठरतं. उतरवून घेतलेले सिनेमे पुन्हा मिळतील. मुलांचे फोटो, आजीचा आवाज, सातबारा-फेरफारचे स्कॅन, घराच्या कागदपत्रांच्या प्रती, इतक्या वर्षांचे हिशेब हे मिळणार नाहीत. ही यादी बसून केली की पुष्कळ घरांत ती एक टीबीच्या आतच निघते. जुन्या आवृत्त्याही ठेवायच्या असतात, म्हणून त्याच्या दुप्पट आकाराची डिस्क घेतली की काही वर्षं बघावं लागत नाही. 4 टीबीची डिस्क लावल्यावर संगणक 3.63 दाखवतो तेव्हा दुकानदाराने फसवलं असं वाटतं, पण तसं नाही. कंपनी एक टीबी म्हणजे दहाचा बारावा घात इतके बाइट धरते, संगणक दोनचा चाळिसावा घात धरतो, तो फरक तिथे दिसतो.

मग लिहिण्याची पद्धत. जास्त माहिती कोंबण्यासाठी काही डिस्कमध्ये माहितीचे पट्टे मंगलोरी कौलांसारखे थोडे थोडे एकमेकांवर चढवलेले असतात. छपराच्या मधलं एक कौल बदलायचं तर त्याच्यावर चढलेली कौलं आधी उचलावी लागतात. इथेही मधली माहिती बदलायची तर शेजारचे पट्टे पुन्हा लिहावे लागतात. या प्रकाराला एसएमआर म्हणतात. पट्टे सुटे सुटे असले तर सीएमआर. एसएमआर डिस्कवर पहिले काही जीबी झरझर जातात आणि मग वेग एकदम बसतो. रेडमध्ये किंवा अनेक डिस्क एकत्र सांभाळणाऱ्या झेडएफएस या फाइलरचनेत ती मुळीच घालू नये. रोज रात्री थोडीशी भर घालायच्या बॅकअपला मात्र ती चालून जाते, पहिल्या दिवशी धीर धरावा लागतो इतकंच. खोक्यावर हे सहसा लिहिलेलं नसतं. 2020 मध्ये यावरून गदारोळ झाल्यावर कंपन्यांनी कुठली मॉडेलं एसएमआर आहेत त्याच्या याद्या जाहीर केल्या, तेव्हा मॉडेल क्रमांक त्यात शोधून मगच पैसे द्यावेत.

एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली डिस्क, घ्यावी का, असं बरेच जण विचारतात. रोज चालणाऱ्या सर्व्हरसाठी जरूर घ्या. कपाटात वर्षानुवर्षं ठेवण्यासाठी नको. एसएसडीमधली माहिती विद्युतभाराच्या रूपात असते आणि वीज न मिळता पडून राहिली की तो भार हळूहळू झिरपतो. घरगुती एसएसडीचं लिखाणाचं आयुष्य संपल्यावर तिने 30 अंश सेल्सिअसला विजेविना एक वर्ष माहिती धरून ठेवावी, एवढीच या उद्योगाच्या मानकाची अपेक्षा आहे. विदर्भातल्या मे महिन्यात बंद कपाट 30 अंशांवर थांबत नाही. फिरत्या तबकडीची जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क या कामाला अजूनही बरी.

आता विजेचं, कारण डिस्क खराब म्हणून परत केल्या जातात त्यातला दोष पुष्कळदा विजेचा असतो. अडीच इंची डिस्क यूएसबीतूनच वीज घेते आणि तबकडी फिरायला लागताना तिला क्षणभर जास्त करंट लागतो. रास्पबेरी पाय 4 या छोट्या संगणकाच्या चारही यूएसबी पोर्टना मिळून 1.2 अँपिअरच मिळतो. दोन डिस्क जोडल्या की टिक-टिक आवाज येतो, डिस्क दिसते, गायब होते, परत दिसते. अशा वेळी स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब घ्यावा, नाहीतर सरळ साडेतीन इंची डिस्क घ्यावी. तिला 12 व्होल्टचा वेगळा अडॅप्टर असतोच. पण मग तो अडॅप्टर यूपीएसलाच लावायचा. सर्व्हर यूपीएसवर आणि डिस्कचा अडॅप्टर भिंतीतल्या साध्या प्लगला, ही चूक मी तीन घरांत पाहिली आहे. लाइट गेली की सर्व्हर चालू राहतो आणि ज्या डिस्कवर तो लिहीत होता ती मध्येच मरते. इन्व्हर्टरवर विसंबू नका, त्याच्याकडे वीज वळायला जो निमिष लागतो तेवढाही काही अडॅप्टरना सोसत नाही.

नवी डिस्क आली की लगेच माहिती भरू नये. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवत असते, तिला स्मार्ट म्हणतात. स्मार्टसीटीएल नावाच्या साधनाने तिची लांब चाचणी लावावी. 4 टीबीला साधारण एक रात्र जाते. नंतर नोंदीत चार आकडे बघायचे. क्रमांक 5 म्हणजे खराब निघाल्यामुळे बदललेल्या जागा, 197 म्हणजे वाचता न आलेल्या आणि निर्णय बाकी असलेल्या जागा, 198 म्हणजे तपासणीत कायमच्या नापास झालेल्या. नव्या डिस्कवर हे तिन्ही शून्य हवेत. नसतील तर बदलून घ्यायची मुदत संपायच्या आत ती परत करा. चौथा क्रमांक 199. तो वाढत असेल तर डिस्कला दोष देण्याआधी केबल बदलून बघा, कारण तो आकडा वाटेतल्या गडबडीचा असतो.

रिकाम्या फोल्डरचा घोळ

ज्या टप्प्यावर सगळ्यात जास्त घरगुती बॅकअप गुपचूप बिघडतात तो हा. त्यामुळे इथे जरा थांबू.

डिस्कवर एक्सटी4 ही फाइलरचना करा. डिस्क विंडोजलाही लावता यावी म्हणून एनटीएफएस किंवा एक्सफॅट ठेवण्याचा मोह होतो, पण लिनक्समधल्या (सर्व्हर ज्या प्रणालीवर चालतो तिच्यातल्या) फाइलींची मालकी आणि परवानग्या त्यावर नीट उतरत नाहीत, आणि परत आणताना अर्धा दिवस ती निस्तरण्यात जातो. एक्सटी4 नेहमीप्रमाणे 5 टक्के जागा यंत्रणेसाठी राखून ठेवते. 4 टीबीवर ती 200 जीबी होते. बॅकअपच्या डिस्कला त्या राखीव जागेची गरज नाही, म्हणून ट्यून2एफएस वापरून ती शून्यावर आणा.

लिनक्समध्ये डिस्कला विंडोजसारखी सी, डी, ई अशी अक्षरं नसतात. एक रिकामं फोल्डर करायचं आणि त्यावर डिस्क चढवायची, म्हणजे माउंट करायची. त्या फोल्डरमध्ये गेलं की डिस्कवरचं सगळं दिसतं. कुठली डिस्क कुठे चढवायची हे एफएसटॅब नावाच्या फाइलमध्ये लिहितात. तिथे एसडीए, एसडीबी ही नावं लिहू नका. ती ज्या क्रमाने डिस्क सापडल्या त्या क्रमाने मिळतात. उद्या एखादा पेनड्राइव्ह लावून सर्व्हर सुरू केला की कालची एसडीबी आज एसडीसी होते. त्याऐवजी यूयूआयडी लिहा. डिस्क फॉरमॅट करताना मिळालेली ही लांबलचक ओळख कुठल्याही पोर्टला लावली तरी बदलत नाही. सोबत 'नोफेल' हा शब्द घाला, म्हणजे डिस्क जोडलेली नसली तरी सर्व्हर सुरू होताना अडून बसणार नाही.

आता नीट बघा. डिस्क जोडलेली नाही, केबल सैल झाली, डिस्क मेली, काहीही झालं तरी ते फोल्डर जागच्या जागी असतं. फक्त रिकामं. रात्री दोन वाजता बॅकअपची स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारी आज्ञांची फाइल, येते, फोल्डर बघते, त्यात लिहायला लागते. ते सगळं जातं सर्व्हरच्या स्वतःच्याच डिस्कवर. सकाळी नोंद म्हणते, बॅकअप यशस्वी. असे महिने निघतात. एक दिवस सर्व्हरची डिस्क ठासून भरते आणि सगळं बंद पडतं, आणि बॅकअपच्या डिस्कवर शेवटची फाइल दिवाळीच्या आधीची निघते.

उलट बाजूने हाच घोळ जास्त भयंकर आहे. आरसिंक हे प्रती काढण्याचं फार चांगलं साधन आहे. 1996 मध्ये अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ते काढलं आणि बदललेला भागच पाठवण्याच्या त्याच्या युक्तीवर आजही पुष्कळ काही चालतं. त्याला 'डिलीट' हा पर्याय दिला तर मूळ जागी नसलेल्या फाइली तो प्रतीतूनही काढतो. आता फोटोंचीच डिस्क चढलेली नसली तर? मूळ फोल्डर रिकामं दिसतं, आणि आरसिंक आज्ञाधारकपणे बॅकअपही रिकामा करतो.

यावर दोन साधे उपाय आहेत आणि दोन्ही करावेत. स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळींत, लिहिण्याआधी, दोन्ही डिस्क खरोखर चढल्या आहेत का हे तपासा; त्यासाठी 'माउंटपॉइंट' नावाची आज्ञा आहे. त्यातली एक जरी जागेवर नसेल तर तिथेच थांबायचं आणि फोनवर निरोप पाठवायचा. दुसरं, डिस्क उतरवलेली असताना त्या रिकाम्या फोल्डरला 'सीएचएटीटीआर' आज्ञेने न बदलण्याची खूण लावा. मग डिस्क नसताना त्यात कुणालाच, अगदी रूटला, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्यालाही, काही लिहिता येत नाही. डिस्क चढली की तिच्यावर लिहिणं नेहमीसारखं चालतं.

आवृत्त्या, आणि चालू असलेला डेटाबेस

मला चूक कळायला तीन आठवडे लागले होते. माझ्याकडे रात्रीचा वेगळ्या डिस्कवरचा बॅकअप असता, पण फक्त कालचा, तरीही ते फोटो गेलेच असते. म्हणून नुसती प्रत पुरत नाही, मागच्या तारखांच्या प्रती लागतात. मी मागच्या 7 दिवसांच्या, 4 आठवड्यांच्या आणि 12 महिन्यांच्या ठेवतो.

एवढ्या प्रतींना जागा कशी पुरते? रेस्टिक आणि बोर्ग ही मोफत साधनं फाइलींचे तुकडे करतात आणि एकसारखा तुकडा एकदाच साठवतात. फोटो सहसा बदलत नाहीत, त्यामुळे तेवीस तारखांच्या प्रती मिळून एका प्रतीपेक्षा थोडीच जास्त जागा लागते. दोन्ही साधनं माहिती सांकेतिक करून ठेवू शकतात. डिस्क चोरीला गेली तर घरच्यांची आधारकार्डं आणि बँकेची कागदं कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून हे हवंच. फक्त पासवर्ड हरवला की ती माहिती तुमच्यासाठीही संपली, तिथे कुठलीही मागची वाट नाही. तो पासवर्ड सर्व्हरवरच एका फाइलमध्ये ठेवून निर्धास्त राहणारे लोक मला भेटले आहेत. सर्व्हर गेला की किल्लीही त्याच्याबरोबर जाते.

फोटोंसाठी इमिच किंवा फाइलींसाठी नेक्स्टक्लाउड चालवत असाल तर आणखी एक काळजी घ्या. फोटो फोल्डरात असतात, पण अल्बम कुठले, चेहऱ्यांना दिलेली नावं कुठली, ही माहिती डेटाबेसमध्ये असते. चालू डेटाबेसच्या फाइली तशाच उचलल्या तर अर्ध्या जुन्या, अर्ध्या नव्या अशा अवस्थेत येतात. दुकान चालू असताना गल्ला मोजण्यासारखं आहे ते. आधी डेटाबेसला स्वतःचा डंप, म्हणजे एका क्षणाची पूर्ण प्रत, काढायला सांगा, आणि मग त्या डंपचा बॅकअप घ्या.

घराबाहेरची प्रत

पीटर क्रॉग या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला 3-2-1 चा नियम बहुतेकांनी ऐकलेला असतो: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. पहिले दोन आकडे लोक पाळतात. एकावर टाळाटाळ होते.

22 जुलै 2021 ला चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलेलं पाणी आठवा. ऑगस्ट 2019 ला कोल्हापूर आणि सांगली एकाच आठवड्यात पाण्याखाली होती. म्हणून कोल्हापूरच्या घरातली दुसरी प्रत सांगलीच्या मामाकडे ठेवणं म्हणजे घराबाहेरची प्रत असं मी धरत नाही. पंचगंगा कृष्णेलाच मिळते. पुण्याला किंवा नाशिकला कुणी असेल तर तिकडे ठेवा.

मी दोन सारख्या डिस्क ठेवल्या आहेत. एक सर्व्हरला जोडलेली, दुसरी बहिणीच्या घरी. तिच्याकडे जाणं झालं की अदलाबदल. सणवार धरले तर वर्षात सहा-सात वेळा होते. बाहेर असलेली डिस्क दोन-तीन महिने शिळी असते, हे मला मान्य आहे. पण ती कुठल्याही तारेला जोडलेली नसते, त्यामुळे व्हायरस, वीज आणि माझा हात यांपैकी काहीच तिच्यापर्यंत पोचत नाही. कोकणात पावसाळ्यात ती हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आणि बाहेर काढल्यावर लगेच न लावता खोलीच्या हवेत तासभर राहू द्या.

इंटरनेटवरून पाठवता येत नाही का? येतं, आणि रोजची भर पाठवायला ते उत्तमच. पहिली खेप मात्र हिशेब करून बघा. अपलोड 20 एमबीपीएस असेल तर सेकंदाला अडीच एमबी जातात, म्हणजे एक टीबीला चार दिवस आणि चौदा-पंधरा तास, तेही लाइन एकदाही न तुटता. पहिली प्रत घरी डिस्कवर भरून एसटीने घेऊन जाणं जास्त वेगवान पडतं.

परत आणून बघणं

31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या प्रोग्रामरांच्या मोठ्या सेवेत एका अभियंत्याने रात्री उशिरा, दुसऱ्या सर्व्हरवर आहोत असं समजून, मुख्य डेटाबेसचं फोल्डर पुसलं. त्याने थांबवेपर्यंत सुमारे 300 जीबीतले साडेचार जीबी उरले होते. त्यांच्याकडे बॅकअपच्या एक नाही, अनेक व्यवस्था होत्या. रोजचा डंप काढणारी आज्ञा डेटाबेसच्या आवृत्तीशी जुळत नसल्याने अपयशी होत होती, आणि त्या अपयशाचे ईमेल पोचण्याआधीच नाकारले जात होते. शेवटी कुणीतरी सहा तासांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी हाताने काढून ठेवलेली प्रत उपयोगी पडली. हा सगळा तपशील त्यांनी स्वतः जाहीर केला, त्याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

पूर्ण वेळ पगारी माणसं नेमलेल्या ठिकाणी हे होतं, तर आपल्या घरी होणारच नाही असं मानू नये. म्हणून दर महिन्याला एक फाइल परत आणून उघडायची. 'बॅकअप यशस्वी' ही ओळ बघून समाधान मानायचं नाही. रेस्टिकमध्ये साठवलेला प्रत्येक तुकडा वाचून पडताळण्याची सोय आहे. ती मी वर्षातून दोनदा, डिस्क बदलताना, रात्रभर लावतो. आणि फाइल मी निवडत नाही, मुलीला निवडायला सांगतो. ती नेहमी असं काहीतरी मागते जे माझ्या लक्षातच नसतं. एकदा तिने शाळेच्या स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ मागितला, आणि तो ज्या फोल्डरमध्ये होता ते फोल्डर मी बॅकअपच्या यादीत घातलंच नव्हतं, हे तेव्हा कळलं.

मागच्या मे महिन्यात वेगळी चाचणी केली. मी घरी नाही असं समजायचं, आणि बायकोने बहिणीकडची डिस्क एका साध्या लॅपटॉपला लावून आजीच्या ओव्या काढून दाखवायच्या. मी एक कागद लिहून दिला होता आणि शेजारच्या खोलीत बसलो होतो. पहिल्या वेळी ती तिसऱ्या ओळीवर अडली, कारण लॅपटॉपवर रेस्टिक आधी बसवावं लागतं हे मी लिहिलंच नव्हतं. कागद पुन्हा लिहिला. दुसऱ्या वेळी वीस मिनिटांत स्वयंपाकघरातून जात्याची घरघर ऐकू आली. तो कागद आता एफडीच्या पावत्यांच्या फाइलमध्ये आहे, त्याची दुसरी प्रत बहिणीच्या कपाटात, आणि पासवर्ड दोन्ही कागदांवर पेनाने लिहिलेला आहे.